खोकाच्या आईच्या शोधात, चामोर्शीच्या पलीकडे

हृदयाच्या ऑपरेशनला आई एका अटीवर तयार झाली. "आधी माझ्या सईला विचारून ये. ती हो म्हणाली, तर मी चढते टेबलावर." डॉक्टर, मी, माझा नवरा, सगळे समजावून थकलो होतो. आणि हिला होकार हवा होता चाळीस वर्षांत न दिसलेल्या बाईचा! चिडचिड करतच मी गाडीत हवा भरून आणली.

माझे वडील मास्तर. चामोर्शी तालुक्यातल्या एका कॅम्पात, म्हणजे पूर्व बंगालमधून उठून आलेल्यांना सरकारने वसवलेल्या गावात, ते मराठी शिकवायचे. माझी पहिली नऊ वर्षं तिथेच गेली. शेजारच्या बंगाली बाईने आईला सई, म्हणजे जन्माची मानलेली मैत्रीण, केलं. त्यांच्यात रीत अशी की एकदा सई झालं की एकमेकींचं नाव तोंडी आणायचं नाही. आईने तर ते कधी विचारलंही नाही. "घ्यायचंच नाही, तर विचारायचं कशाला?" बदली झाल्यावर पत्रही गेलं नाही, कारण पाकिटावर काय लिहिणार?

"बरं, नवऱ्याचं नाव?"

"खोकाचे बाबा."

एवढ्या पत्त्यावर मी नागपूर सोडलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते, उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत गडचिरोलीला चार तास लागतात. सकाळी लवकर निघा. नागभीडला तर्री-पोहे खा, पुढे धड हॉटेलं कमी आहेत. थंडीत धान कापून झालेलं असतं आणि बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, नुसती खुंटं उरतात. वैनगंगेचा पूल ओलांडताना मी गाडीची काच खाली केली. वडिलांच्या सायकलीच्या दांड्यावर बसून मी इथलं किती पाहिलं होतं! गडचिरोलीत आठशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. चामोर्शीच्या पुढे मात्र लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केली आहे, छोटी गाडी असेल तर जपून न्या.

दुसऱ्या दिवशी दहाला कॅम्पात पोचले. आमच्या वेळची कुडाची घरं जाऊन स्लॅब आले आहेत, पण प्रत्येक घरामागचं तळं तसंच आहे. चौकातल्या किराणा दुकानात मी ऐटीत विचारलं, "खोकाची आई कुठे राहते?"

दुकानदार हसायलाच लागला. "कोनता खोका पायजे बाई? इथी घरोघरी खोका हाये. मी बी खोकाच!"

बंगाल्यांत घरातल्या मुलग्याला लाडाने खोका म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. नऊ वर्षं राहून ही अक्कल! मी दोन खोकांच्या आयांना भेटून आले. एक माझ्याहून लहान निघाली. दुसरीने रसगुल्ला खाऊ घातला, पण मास्तर कोण ते तिला आठवेना. उन्हात गाडीपाशी उभी राहून मी खरंच रडकुंडीला आले. रिकाम्या हाताने परत गेले तर आई ऑपरेशन करणार नव्हती, आणि डॉक्टरांच्या मते वाट पाहण्यात धोका होता.

शेवटी दुकानदारानेच डोकं चालवलं. "तुम्ही मास्तरच्या घरच्या म्हनता, तं मंग थे तिळगूळवाली बुढी असन. बंगाली हाये, पन संक्रांतीले पुऱ्या गल्लीत तिळगूळ वाटते. कोनं शिकवलं, पुसा तं म्हनते, माह्या सईनं."

शेवटचं घर. ओट्यावर एक वाळकी म्हातारी नातसुनेकडून सुईत दोरा ओवून घेत होती. मी आईचं सांगितलं तशी ती सुई-दोरा विसरून उठली.

"ओमा! तू मास्तरीनची पोरगी?" तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग एकदम आवाज चढवला. "एक चिठी नाई? काऊन?"

"पाकिटावर नाव कसं लिहिणार, म्हणाली."

ती पदरात तोंड खुपसून हसली आणि तिथेच रडली. "मी बी तं त्याच्याचसाठी नाई लिवली."

जेवायला रोहूचं कालवण आणि भात होता, आणि बाजूला आंबाडीची भाजी. नातसून कुरखेड्याकडची, मराठी घरातली. पणतू तिच्याशी झाडीबोलीत आणि पणजीशी बंगालीत भांडत होता. "याले बंगाली बोलता येते, वाचता नाई येत," सई म्हणाली. "माह्या बापानं तिकून येतानी पोथी आनली होती. मी गेल्यावर कोन वाचन?" नातसून तेवढ्यात म्हणाली, "मी शिकून राह्यलो ना, आजी." सईने माशाचा मोठा तुकडा तिच्या ताटात वाढला.

ऑपरेशनचं आणि आईच्या अटीचं सांगून मी व्हिडिओ कॉल लावून दिला. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला दिसत नाही, दोघी नुसत्या "सई, सई" करत होत्या. मग सई ओरडली, "कापू दे डाक्टरले! मले मेल्यावर भेटतेस का?"

निघताना नातसुनेने चिठ्ठीवर नंबर टिपून दिला, त्यासोबत आजीचं नावही. फार सुंदर नाव आहे.

नागपूरला पोचल्यावर मी आईला म्हटलं, "सांगू नाव?" तिने कानांवर हात ठेवले. आधी मला हसू आलं. माणसं देश सोडून येतात, भाषा बदलतात, तिळगूळसुद्धा शिकतात. ही एक रीत मात्र दोघींनी, कुणी बघायला नसताना, चाळीस वर्षं पाळली होती. मला स्वतःची लाज वाटली.

दवाखान्यात भरती करताना नर्सने विचारलं, "जवळचे नातेवाईक?"

"ही मुलगी," आई म्हणाली. "आणि एक बहीण आहे, चामोर्शीकडे."

"बहिणीचं नाव?"

आईने घाबरून माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी माझ्या पर्समध्येच होती.

"सई," मी म्हटलं. "एवढंच लिहा."