तडकलेल्या डाळिंबांचा रस

रेवा, ईशान — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना सांगता आलं असतं, ते शांतपणे ऐकून घेणारे होते. पण त्यांनाही नाही. तुम्ही दोघं मराठी सावकाश वाचता, म्हणून सोप्या शब्दांत लिहिते. अर्थात, सोपे शब्द मिळाले म्हणजे लिहिणं सोपं होतंच असं नाही.

रेवा, गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, मैत्रिणींसाठी आजीचं डाळिंबाचं ड्रेसिंग केलं, पण कडवट झालं. एकदा नीट लिहून पाठव. मी वही काढली. माझी वही तुम्हाला माहीत आहे — प्रत्येक पदार्थाखाली तो कुणाकडून घेतला त्याचं नाव. कटाची आमटी, सासूबाई. लिंबाचं गोड लोणचं, शेजारच्या कुलकर्णी वहिनी. डाळिंबाच्या पानावर ती जागा कोरी आहे. बारा वर्षं कोरी आहे. मी इतकी नेटकी बाई — विसरून राहिली असेल का ती जागा?

आधी कृती सांगते, ती तरी खरी असू दे. तू दाणे मिक्सरला लावलेस, तिथं चुकलं. आतलं बी फुटतं आणि रस कडू होतो. दाणे धुतलेल्या पातळ फडक्यात बांधायचे आणि हातानं पिळायचे. रस मंद आचेवर निम्मा आटवायचा. गार झाला की त्यात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मीठ, भाजलेल्या जवसाची भरड, आणि सगळ्यात शेवटी कच्चं करडईचं तेल. कापलेल्या काकडीवर, कांद्यावर, कोबीवर घालायचं. यातलं मी काहीही शोधून काढलेलं नाही.

हे मायाक्काचं.

तुम्ही लहानपणी सुट्टीत यायचात तेव्हा सांगलीत विश्रामबागेतल्या आपल्या घरी भांडी घासायला यायची ती, उंच, कपाळावर गोंदलेली. तिचं माहेर जतकडचं, मेंढरांमागं फिरणाऱ्यांचं घर. पुढं भावानं थोडी डाळिंबं लावली, टँकरच्या पाण्यावर जगवली. झाडावरच तडकलेली फळं व्यापारी घेत नाही. ती फळं पिशवी भरून मायाक्का सांगलीला आणायची. मला टायफॉइड झाला, तोंडाची चव गेली, तेव्हा एका दुपारी तिनं माझ्याच ओट्यावर हे केलं. काकडीच्या चकत्यांवर घालून ताटली माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, आवं खाऊन तर बगा, न्हाई आवडलं तर मला शिव्या द्या. आठ दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

मग आमच्या महिला मंडळाची सॅलडची स्पर्धा आली. मी काय केलं? करडईच्या जागी तुमच्या आईनं पाठवलेलं ऑलिव्ह तेल घातलं. काचेच्या बरणीत भरलं. वर इंग्रजीतून सुबक अक्षरांत चिठ्ठी लावली. तेल बदललं म्हणजे पदार्थ माझा झाला, असं मला खरंच वाटलं होतं का? — नाही. वाटलं नव्हतं. रस पिळायलाही तिलाच बसवलं होतं, आणि ताटल्या उचलायला तिला बरोबरही नेलं.

परीक्षक बाईंचा कुपवाडला सॉस-चटण्यांचा लहानसा कारखाना होता. त्यांनी चमचा दोनदा घेतला आणि विचारलं, बियांचा कडवटपणा कसा काढलात? मला उत्तर माहीत नव्हतं. फडकं मी पाहिलं होतं, पण फडकंच का, हे तिला कधी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात मागून मायाक्का म्हणाली, "मिक्सरला लावायचं न्हाई बाई, बी फुटतंय. फडक्यात पिळायचं."

सगळ्याजणी वळून तिच्याकडे बघायला लागल्या. मी हसले. म्हणाले, "मी शिकवलंय तिला."

आणि मायाक्कानं मान हलवली. "व्हय. बाईंनीच."

माझा पहिला नंबर आला. बक्षिसाच्या स्टीलच्या डब्यात अजून रवा असतो.

तुम्हाला वाटेल, एवढंच? एका पदार्थाचं श्रेय? मलाही ते इथंच थांबवता आलं असतं. अनेकदा मनात मी ते इथंच थांबवलेलं आहे. पण खरं पुढं आहे.

सामान आवरताना परीक्षक बाई मला खिडकीशी घेऊन गेल्या. कारखान्यात नवे प्रकार करून बघायला त्यांना एक बाई हवी होती. कायमचं काम, सावलीत, बसून; शिक्षणाची अट नाही. मायाक्का पलीकडं ताटल्या पुसत होती. तिची बोटं साबणानं चिरलेली असायची, थंडीत रक्त यायचं, चिंध्या गुंडाळून ती आमची कढई घासायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही — कधीकधी चिंध्या मीच द्यायचे. परीक्षक बाईंनी विचारलं, तुमच्या या बाईंना स्वतःहून काही सुचतं, की सांगितलेलंच करतात?

मी म्हणाले, "सांगितलेलंच करते. कामाला चांगली आहे, पण सांगावं लागतं."

का म्हणाले? खरं बोलले असते तर नंबर खोटा ठरला असता, हे एक. दुसरं, सकाळी सातला घरी येणारी बाई गेली असती. दोन्ही एका क्षणात मनात आलं होतं. तोंडातून काहीतरी निघून गेलं, असं मी म्हणू शकत नाही.

त्यानंतर तिनं नऊ वर्षं आमची भांडी घासली. तो डाळिंबाचा रस मात्र पुन्हा केला नाही. मी कर म्हटलं तर म्हणायची, तुमचंच हाय की बाई, तुमी करा. टोमणा होता का त्यात? मी चेहरा निरखून पाहायचे. कळायचं नाही. मग पाठ वाकली आणि ती जतला भावाकडं गेली.

मागच्या उन्हाळ्यात ती वारली. त्याआधीच्या हिवाळ्यात मी गाडी करून तिला भेटायला गेले होते. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. तिनं खुर्ची पुसून दिली, भावाच्या सुनेला ताक आणायला सांगितलं, आणि स्वतः खाली सूप घेऊन जवस पाखडत बसली. तुमची चौकशी केली — रेवाची उंची, ईशानचा चष्मा. मी ताकाचा पेला हातात धरून म्हणाले, मायाक्का, त्या स्पर्धेतल्या बाईंना कारखान्यात कामाला बाई हवी होती. त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं होतं.

सूप थांबलं. "माझ्याबद्दल?"

"हो."

"मंग तवा सांगितलं न्हाई तुमी?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी इतक्या लांब गेले होते ते याच प्रश्नासाठी. आणि मी म्हणाले, "राहूनच गेलं गं. विसरले."

तिनं पुन्हा सूप उचललं. म्हणाली, "व्हतंय आसं बाई. वय झालं की न्हाई ऱ्हात ध्यानात."

स्पर्धेच्या वेळी मी एकसष्ट वर्षांची होते. कॉलेजातल्या शिकवण्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि शेवटच्या वर्गाचा हजेरीपट मला नावानिशी पाठ होता. मी विसरले नव्हते. तिनं मला वयाची सूट दिली. मी ती घेतली, आणि उरलेलं ताक संपवलं.