पुढची डावी सीट

माझ्या गाडीबद्दल मी सगळ्यांना सगळं सांगते. एक गोष्ट सोडून. ती आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईपाशी नाही, समितीत नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवी होती त्यांच्यापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ह्याला धाडस म्हणू नका. धाडस असतं तर समोर जाऊन सांगितलं असतं.

आधी गाडी. पांढरी सेडान, दुसऱ्याकडून घेतलेली. कुणी विचारलं, कशी आहे गो, की मी विक्रेत्यासारखी सुरू होते. डिकी मोठी आहे. दोन कर्णे, बॅनरच्या काठ्या, पाण्याचे कॅन, एवढं भरूनही वर हात फिरतो. पेडण्याहून हरमलला जाताना रस्ता कसा आहे ते तुम्ही गेलात तर कळेल, पण आत बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. मागे तीन माणसं ऐसपैस बसतात. एप्रिलातल्या दुपारीही एसी दोन मिनिटांत थंड करतो. आवाज नाही, कुरकुर नाही. घरच्या माणसांसाठी घ्यावी तर अशी.

दोन गोष्टी मी गाळते. एक, पुढची डावी सीट पार मागपर्यंत सरकते. दुसरी, त्या बाजूचं दार खूप रुंद उघडतं. ज्यांच्यासाठी ही गाडी निवडली गेली त्यांना ह्या दोनच गोष्टींशी मतलब होता.

आणि एक खोड. डाव्या सीटवर वजन ठेवलं आणि पट्टा लावला नाही, तर गाडी टुंई टुंई करत राहते. म्हणून पत्रकांचा गठ्ठा ठेवला की मी त्याला पट्टा लावते. लोक हसतात. मीपण हसते.

पत्रकं हे माझं काम. आमच्या गावचा डोंगर कापून त्यावर बंगले उभे करायचं ठरलं तेव्हा गावाने समिती केली, आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला ते येतं. दोन ओळींत माणूस उघडा पाडता येतो मला. ह्याचा मला अभिमान होता. होता? अजून आहे.

समितीचे अध्यक्ष मास्तर. निवृत्त प्राथमिक शिक्षक. डोंगराचा कुठला तुकडा कुणाचा, कुठली पायवाट कुणाच्या हक्काची, हे कागद न उघडता सांगणारा गावात तो एकच माणूस. आणि त्यांची बायको, काकी. पक्षाघाताने तिचं उजवं अंग गेलं होतं, चाकांच्या खुर्चीत असायची. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामाला म्हापशाला न्यायचं. बसमध्ये चढवता येत नव्हतं, रिक्षात तिची पाठ टिकत नव्हती. म्हणून मास्तरांनी गाडी घ्यायचं ठरवलं.

घेताना मी बरोबर होते. काकीला खुर्चीतून उचलून दुसरीकडे बसवणं मला जमायचं. काखेत हात घालायचे, तिने एक-दोन-तीन म्हणायचं, तीनला वळवायचं. मास्तरांनी तिच्या खुर्चीच्या बैठकीची उंची आपल्या काठीवर खडूने मारून आणली होती. शोरूममध्ये प्रत्येक गाडीचं दार उघडून ते काठी टेकवायचे. उंच गाड्यांत सीट खडूच्या रेघेच्या वर जायची. छोट्या गाड्यांत सीट जमायची, पण खुर्ची मागे मावायची नाही. ह्या सेडानपाशी रेघ आणि सीट एका पातळीत आली. विक्रेता त्यांना रंग दाखवत होता आणि मास्तर त्याला काठी दाखवत होते.

आम्ही काकीला बसवलं. ती समोरच्या काचेतून शोरूमची भिंत बघत होती, जशी काही समुद्रच बघते आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ गो बाय, माज्या काजींची गाडी जाली."

माहेरच्या काजूच्या बागेतला तिचा वाटा भावांनी पैसे देऊन घेतला होता. त्यातून आली ही गाडी. हे मला त्या दिवसापासून माहीत होतं. एवढं लक्षात ठेवा. पुढे मी कितीही वळणं घेतली तरी हे विसरू नका, की मला माहीत होतं.

सहा-सात महिन्यांत काकीची मिटलेली मूठ उघडू लागली. एका संध्याकाळी तिने मला उजव्या हाताने चहाचा कप दिला. अर्धा चहा माझ्या मांडीवर सांडला. भाजलं, पण मी हलले नाही, आणि आम्ही तिघंही वेड्यासारखे हसत सुटलो. — हे कशाला सांगते आहे? मी चांगली होते असं वाटावं म्हणून? असेल. सवय आहे मला, आधी मन जिंकायचं आणि मग घाव घालायचा. पत्रकं तशीच लिहितात.

मग काय घडलं? काहीच घडलं नाही. लाज वाटते ती ह्याचीच.

देवळाच्या मंडपात बैठक होती. माझ्या पत्रकात एक सर्वे नंबर चुकला होता. ज्याची जमीन विकली गेलीच नव्हती अशा एका गरीब घराचा नंबर मी दलालांनी घेतलेल्या जमिनींच्या यादीत घातला होता. मास्तरांनी चूक दाखवली. रागावून नाही, शाळेत दाखवतात तशी. म्हणाले, "बाय, आदी दोंगरार चडून यो, मागीर बरय." चढून ये, मग लिही. आणि मंडप हसला. पंधरा-वीस माणसं. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, हिला बूट घेऊन द्या रे कुणी. पुन्हा हसले. मास्तर हसले नाहीत. ते कागदावर दुरुस्ती करत होते.

एवढंच. ह्या एवढ्यासाठी.

त्या आठवड्यात मी नवं पत्रक लिहिलं. आरोप केला नाही. आरोपाला पुरावा लागतो, प्रश्नाला नुसतं प्रश्नचिन्ह पुरतं, हे मला केव्हाच कळलं होतं. लिहिलं ते असं: निवृत्त प्राथमिक शिक्षकाच्या दारात नवी कोरी गाडी उभी राहते तेव्हा डोंगराचा कुठला तुकडा आडवा झालेला असतो? आपली बाजू मांडणारे कुणाच्या एसीत बसून बैठकीला येतात? नाव घातलं नाही. गावात गाडीवाला निवृत्त शिक्षक एकच होता, नाव कशाला लागतं? खाली सही: एक जागृत ग्रामस्थ.

नेहमीची पत्रकं आम्ही पेडण्यात छापायचो. हे मी दोन बस बदलून डिचोलीला जाऊन छापून आणलं. रागाच्या भरात, असं आता म्हणता येऊ नये म्हणून सांगते — परतीच्या वाटेवर बसमध्ये मी मुद्रितं पुन्हा तपासली. एका ठिकाणी अनुस्वार राहिला होता. तो मी शंभर प्रतींवर पेनाने दिला.

आमची पत्रकं पोदेर वाटतो. म्हणजे सकाळी सायकलवर भोंगा वाजवत घरोघर पाव घालणारा. लोक रात्रीच फाटकाला किंवा खिडकीला पिशवी लावून ठेवतात, त्यात पाव पडतात, आणि पावांबरोबर आमचा कागद. असा कागद कुणी फेकून देत नाही, कारण तो न्याहारीबरोबर घरात येतो. ही युक्ती माझीच. आमच्याकडे तेव्हा पाव घालायला बसप्पा होता, बेळगावकडचा. त्याला कन्नड वाचता यायचं, मराठी नाही. मी देईन तो गठ्ठा तो वाटायचा. मास्तरांचं घर तेवढं तो वगळायचा, कारण त्यांच्याकडे कागद आधीच गेलेला असायचा, त्यांच्याच हातून दुरुस्त होऊन.

त्या घराची पिशवी खिडकीच्या गजाला असायची, खाली, खुर्चीत बसून हात पोचेल अशी. सकाळचे पाव घ्यायचं काम काकीने आपल्याकडे ठेवलं होतं. घरातलं तेवढं एकच काम तिला करता येत होतं. हेपण मला माहीत होतं.

मी बसप्पाला गठ्ठा दिला. त्याने सायकलच्या टोपलीत ठेवला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "मास्तरांकडं नको न्हवं?"

मी म्हणाले, "टाक. त्यांच्याकडे आधी टाक."

आता तुम्हाला कळलं. हेच सांगायचं होतं. पत्रक लिहिलं ते वेगळं, तसली पापं आमच्या क्षेत्रात बरेच जण करतात आणि त्याला डावपेच म्हणतात. पण त्या माणसाने मला वाट दिली होती. मी नुसतं हूं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

त्याच दुपारी मी त्यांच्याकडे गेले. का गेले? बघायला. काय झालं ते बघायला. काकीच्या मांडीवर तो कागद होता, चार घड्या पडलेला. मास्तरांना तिने अजून दाखवला नव्हता. मला विचारलं, "बाय, हें कोणें बरयलें गो?" मी कागद हातात घेतला, वाचल्याचं सोंग केलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, शोधून काढते. तिने माझा हात धरला. उजव्या हाताने.

पुढचं सरळ झालं. मास्तरांना कुणी तोंडावर काही विचारलं नाही. पुढच्या बैठकीत एक जण म्हणाला, मास्तर, आज एसी लावून आलात की वारा खात? मास्तर चालत आले होते. त्यांनी उत्तर दिलं नाही आणि तेच पुरावा ठरलं. काजूच्या बागेचं ते एका वाक्यात सांगू शकले असते. पण बायकोच्या माहेरचा वाटा चारचौघांत मांडणारा तो माणूस नव्हता. हेही मी धरूनच चालले होते. महिन्याभरात त्यांनी अध्यक्षपद सोडलं. मी आभाराचा ठराव लिहिला. चांगला उतरला होता.

आणि काकीने हट्ट धरला, गाडी नको. माझ्यामुळे तुमचं नाव गेलं म्हणाली. गाडी निळी ताडपत्री पांघरून एक पावसाळा अंगणात उभी राहिली. म्हापशाचा व्यायाम बंद झाला. मूठ पुन्हा मिटली. आता ती पाव डाव्या हाताने घेते.

डोंगराचं काय झालं विचाराल तर, अर्धा आहे. मास्तर गेल्यावर सर्वे नंबर सांगणारं कुणी उरलं नाही.

मग त्यांनी गाडी विकायला काढली आणि पहिला फोन मला केला. "तुकाच दिवची म्हणतां," म्हणाले, "गाडी कशी ती तुका सांगूक नाका." मी गेले. नको म्हणता आलं असतं. पण गाडी चांगली होती, आणि मला गाडी हवी होती. मी घासाघीस केली. डिकी उघडून ओरखडे दाखवले. खुर्ची आत-बाहेर करताना पडलेले, बंपरवर दोन लांब रेघा. म्हटलं, हे रंगवून घ्यावं लागेल, मास्तर. त्यांनी ओरखड्यांवरून अंगठा फिरवला आणि मी म्हणाले तेवढ्याला दिली. मी अजून रंगवलेलं नाही.

ह्या वर्षी एका सकाळी त्यांचा फोन आला. तेव्हा मी पेडण्याच्या बाजारात गाडीतच बसले होते, एसी चालू होता. काकीच्या कमरेत कळा येत होत्या. दुसऱ्या दिवशी म्हापशाला इस्पितळात बोलावलं होतं. एक दिवस गाडी घेऊन येशील काय, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणाले, गाडी गॅरेजमध्ये आहे. तिला त्या सीटवर बघायची हिंमत नव्हती, असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं तसं नाही. मलाही दुसऱ्या दिवशी म्हापशालाच जायचं होतं, पत्रकारांना बोलावलं होतं, आणि मला उशीर नको होता.

धारगळच्या पुढे माझ्यापुढे एक मासळीचा टेम्पो लागला, चोपडे गावचा. मागच्या हौद्यात काकी. खुर्ची दोन्ही बाजूंना दोरीने बांधलेली, तोंडावर वारा नको म्हणून मागे वळवलेली. म्हणजे माझ्याकडे तोंड करून. मास्तर खाली बसून दोन्ही हातांनी चाक धरून होते, मान खाली. तिने गाडी ओळखली. डावा हात वर केला. ती हसत होती. तिला वाटलं, मी मागून येते आहे.

मी इंडिकेटर दिला आणि उजवीकडून पुढे गेले. बाजूने जाताना तिच्याकडे आली ती तिचीच सीट. तिच्यावर पत्रकांचा गठ्ठा होता. गाडी जराही हलली नाही, मी म्हटलं ना, रस्ता चांगला धरते.

दोन दिवसांनी मास्तर बाजारात भेटले, बस थांब्यापाशी, हातात औषधांची पिशवी. मी गाडीतच होते, काच खाली केली. त्यांनी आधी गाडीची चौकशी केली, बरी झाली काय म्हणून. मग म्हणाले, "तिका वाटेर तुजी गाडी दिसली म्हणता ती. म्हटलें, ती गॅरेजात आसा गो, तसली दुसरी आसतली. आयकनाच."

मी म्हणाले, तसल्या पांढऱ्या गाड्या खूप आहेत, मास्तर.

"तेंच सांगतां तिका," ते म्हणाले आणि रांगेत जाऊन उभे राहिले. बसला वेळ होता. मीही त्यांच्याच वाटेने जाणार होते. बसा म्हटलं नाही. डाव्या सीटवर गठ्ठा होता, पट्टा लावलेला.