शेंदूर न दिसणारी काच

आसेगावच्या वाटेवरचा, कोणी न पुजलेला एक काळा दगड मला माझ्या पत्रकात हवा होता. त्याच्या शेजारी गावातल्या शेंदरी देवाचं चित्र, आणि खाली एकच प्रश्न: या दोघांत फरक कोणता? तेव्हा मी विशीत होतो. असा प्रश्न छापला की गाव बदलेल, असं मला खरंच वाटायचं.

मंगरूळला फोटो काढणारे एक चाचा होते. कॅमेरा आणि फोटो उमटवायच्या तीन काचा घेऊन ते माझ्याबरोबर आले. दगड पाहून म्हणाले, "आजवर मी माणसायचे फोटो काढले. या गोट्याले काय सांगू, हास म्हणून?"

पहिली काच भर उन्हात वापरली. चाचांनी गावातल्या अंधाऱ्या कोठीत ती धुतली, तर नुसता काळा गोळा आला. दुसऱ्या वेळी दगडावर पाणी ओतलं, तर चकाकीशिवाय काही दिसेना. मग संध्याकाळी मी दगडाच्या भेगांत बोटानं चुना भरत बसलो. सकाळच्या तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतील, असं वाटलं. उठलो तेव्हा कंबर सरळ होत नव्हती.

सकाळी गेलो तर अख्खा दगड शेंदरानं माखलेला. पुढे फोडलेला नारळ. एक म्हातारी पदराला हात पुसत होती.

"माय, हे कायले केलं?"

"तूच तं सुरू केलं, बापा. काल सांजच्याले किती मन लावून चुना भरून राह्यला होता. आमी म्हटलं, पोराले काही दिसलं असन. शेंदूर तेवढा बाकी होता."

चाचांनी हसू लपवायला तोंड फिरवलं. भांडत बसलो असतो तर तिरपं ऊन निघून गेलं असतं. एकच काच उरली होती. "काढा," मी म्हणालो.

ती काच धुतली आणि मी बघतच राहिलो. कडा, खडबडीत पाठ, सगळं स्वच्छ आलं होतं. शेंदराचा मागमूस नव्हता.

"या काचेले लाल दिसत नाही. लाल ते काळं," चाचा म्हणाले. "तुले पायजे तसा नंगा गोटा भेटला. छाप आता. कोन इचारते?"

कोणीच विचारलं नसतं. पण समोर आहे ते लपवू नका, असं मी पत्रकामागून पत्रकात लोकांना ओरडून सांगत आलो होतो.

काही दिवसांनी फोटो घेऊन म्हातारीकडे गेलो. तिनं तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"हा आमचा नोहे," ती म्हणाली आणि फोटो परत दिला.

पत्रक चित्राविना निघालं. चित्रासाठी सोडलेल्या जागेत घालायला मला काही सुचलं नाही. ती तशीच कोरी गेली.