घरगुती कार्यक्रमातला किल्ट

ह्यांचा बंद गळ्याचा काळा कोट कपाटातून काढला की डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर मला आखातातल्या सीब शहरातला तो गुढीपाडवा आठवतो. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला ह्यांनी ऑफिसातल्या स्कॉटिश साहेबांना बोलावलं होतं, तेही त्यांच्या पारंपरिक वेषात. कितपत नटायचं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा हे आपल्या सवयीने म्हणाले, "छे, घरगुतीच आहे." साहेबांनी ते खरं धरलं. चौकड्यांचा, निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतच्या घागऱ्यासारखा लोकरी किल्ट आणि वर बाह्या दुमडलेला साधा शर्ट, अशा वेषात ते हॉलच्या दारात आले, तर समोर पैठण्या, नथी, फेटे आणि अत्तराचा घमघमाट! त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "समारंभाला किल्टवर कोट हवाच, नाहीतर यजमानांचा अपमान होतो," असं इंग्रजीत पुटपुटत ते गाडीकडे वळले. असा ओशाळून गेलेला पाहुणा परत येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी नऊवारीतच त्यांच्या वाटेत उभी राहिले आणि ह्यांना म्हटलं, "काढा तो कोट." "अगं, आत नुसता चुरगळलेला शर्ट आहे!" "असू दे. घरगुतीच आहे ना?" कोटाच्या बाह्या साहेबांच्या मनगटापर्यंत पोचल्या नाहीत, पण ते पहिल्या रांगेत ताठ मानेने बसले आणि हे शेवटच्या रांगेत, खांबाआड. आता फोनवर कुणाला आमंत्रण देताना "घरगुतीच" हा शब्द ओठांवर आला की हे थबकतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "कोट घालून या."