हापशाची बदली

"पुन्हा लिही," असं म्हणत बाई लाल पेनाचं टोपण काढायच्या. मग समोर वही असो, लग्नपत्रिका असो नाहीतर माझ्या दुकानातला कॉम्प्युटर. एकदा बोलण्याच्या भरात त्यांनी माझ्या मॉनिटरच्या काचेवरच एका चुकलेल्या वेलांटीभोवती लाल गोल काढला. मी रुमालाने तो पुसत बसलो, तर म्हणाल्या, "डाग जाईल रे. आधी चूक गेली का बघ."

शेवगावात स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. बाई समोरच्याच घरात एकट्या राहायच्या, लेक लग्न होऊन परगावी. तालुक्यातल्या गावोगावच्या शाळांत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण निवृत्तीचा आदेश त्यांनी बहुधा नीट वाचला नसावा. भाजीवाल्याच्या पाटीवर "ताजि मेथी" दिसली की आधी वेलांटी दुरुस्त करून घ्यायच्या आणि मग मेथी घ्यायच्या. तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेल. त्यांना बघून आपण वाट बदलतो, आणि ते चार दिवस दिसले नाहीत की चौकशीही आपणच करतो.

या बाईंनी इंटरनेटवर एक हापसा बसवला होता. म्हणजे "हापसा" नावाचा ब्लॉग. पाण्याचा हापसा गावात असतो तसा, नंबर लावून उभं राहायचं आणि तोवर बोलायचं. शेवगाव-पाथर्डीकडची जी माणसं पोटापाण्यासाठी भोसरीला, सुरतेला, आखातात गेली होती, ती तिथे लिहायची. गावात राहिलेली खाली प्रतिक्रिया द्यायची. कुणी जीपच्या टपावरून केलेल्या प्रवासाबद्दल लिही, कुणी बाजरीच्या राखणीबद्दल, कुणी एका बैलाबद्दलच सलग लिहीत बसे. बाई प्रत्येक लेख छापण्याआधी वाचायच्या, आणि भोसरीत शिफ्ट सुटून आलेल्या बापड्याला फोन करून सांगायच्या, "पुन्हा लिही." तोही लिहायचा. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपली वही तपासतंय, याचं त्याला मनातून बरंच वाटत असणार.

मग एके दिवशी त्या फुकटच्या साइटवाल्या कंपनीची सूचना आली, की ही सेवा बंद होत आहे, तरी आपला मजकूर दुसरीकडे हलवावा. मी बाईंना म्हटलं, "मायग्रेशन करावं लागेल." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मायग्रेशन हा शब्द त्यांना मंजूर नव्हता. "बदली म्हण," त्या म्हणाल्या. "मी आयुष्यभर बदल्याच केल्यात. सामान मी बांधते. तू फक्त टेम्पो लाव."

टेम्पो लावायचा म्हणजे नव्या ठिकाणी ब्लॉग उघडून द्यायचा. तो मी दिला. जुन्या साइटवरून सगळे लेख आणि प्रतिक्रिया एका फाइलमध्ये कशा उतरवायच्या, तेही दाखवलं. बाईंनी ते स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या घरी, दार लावून केलं. बांधाबांध चालू असताना त्यांना माणूस मध्ये खपत नसे. मला फक्त एवढंच कळलं, की त्यांना त्या गडबडीत "शोधा आणि बदला" नावाची सोय सापडली होती आणि त्या तिच्यावर फार खूश होत्या.

नवा हापसा सुरू झाला. फोटोंची थोडी अदलाबदल झाली होती. बाईंच्या निरोप समारंभाच्या लेखावर बेलापूरच्या कुणाची तरी म्हैस आली होती. मी बदलायला लागलो तर म्हणाल्या, राहू दे, म्हैस देखणी आहे. दुपारपर्यंत सुरतेहून पहिला फोन आला. कापड मिलमधला एक सभासद विचारत होता, की माझ्या लेखात "आम्ही आहेस्कूलला होतो" असं आलंय, हे कुठलं स्कूल? पाठोपाठ भोसरीहून एकाने कळवलं, की त्याची जीप आता आहेवेवरून जाते, आणि त्याच्या आजीच्या दुधावर जाड मखूप धरते.

मी हसत हसत रस्ता ओलांडून गेलो. बाई हसत नव्हत्या. मग सगळं बाहेर आलं. नव्या घरात जगभरचे पाहुणे येणार, घर नीटनेटकं दिसावं म्हणून बाईंनी सामान बांधतानाच सगळ्यांचं, आजवर चालवून घेतलेलं गावाकडचं बोलणं शुद्ध करून टाकलं होतं. जिथे "हाय" तिथे "आहे", जिथे "न्हाई" तिथे "नाही", जिथे "लई" तिथे "खूप". एका फटक्यात, सगळ्या लेखांत. हायस्कूल आणि हायवे त्यात भरडले गेले, आणि मलईतलं "लई" गेलं.

"काही नाही बाई," मी म्हटलं, "जुनी साइट अजून चालू आहे. पुन्हा उतरवून घेऊ."

बाईंनी लॅपटॉप फिरवून जुनी साइट मला दाखवली. बदली झाली की शाळेची खोली कशी सोडायची, याचा त्यांचा एक रिवाज होता. झाडून, पुसून, दाराशी रांगोळी काढून किल्ली द्यायची. जुनी साइटही त्यांनी तशीच सोडली होती. एकेक लेख पुसला होता. शेवटी पहिल्या पानावर "धन्यवाद" एवढं लिहिलं होतं. उतरवलेली फाइलही एकच, बदल करून तिच्यावरच जतन केलेली, म्हणजे मूळ प्रत कुठेच उरली नव्हती. कंपनीला मी लिहून पाहिलं, तर मशीनचं उत्तर आलं की काढून टाकलेलं परत देता येत नाही.

संध्याकाळी सुमनचा फोन आला. सुमन पाथर्डीकडची, आता पुण्याला एका दवाखान्यात नर्स. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे आणि लहानपणी तीही त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर, कोपीत राहिलेली. पाचटाच्या त्या खोपटातल्या दिवसांबद्दल ती हापशावर लिहायची, आणि त्या लेखांत तिची आई बोलायची. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. बाईंनी फोन माझ्यासमोरच घेतला होता, म्हणून मला ऐकू आलं.

"बाई, ही माझी आई न्हाई," सुमन म्हणाली. "पहाटं मी कोपीत एकटीच उठायचे, भ्यायचे. आई भाइरनं म्हणायची, 'मी हाय गं.' 'मी आहे गं' आसं ती जल्मात कधी म्हनली न्हाई. माझे लेख काढून टाका."

आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे ते जास्तच लागलं. बाई "हो" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी प्रथमच मला त्यांच्या हातात टोपण लावलेलं लाल पेन दिसलं.

मला वाटलं, आता बाई हापसाच बंद करतील. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तर बाई पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या. "सगळं परत जसंच्या तसं करायचं. तोवर हापशाला सुट्टी," त्या म्हणाल्या. मी जास्त शहाणपणा करून सुचवलं, की मग उलटं फिरवू, सगळ्या "आहे"चं "हाय" करून टाकू. एका लेखावर करून पाहिलं. तो नेमका बाईंचा स्वतःचा निघाला आणि त्यात छापून आलं, "शुद्धलेखन हा भाषेचा दागिना हाय." दुकानात आधारकार्डाच्या झेरॉक्ससाठी थांबलेले एक बाबा मान डोलावून म्हणाले, "बराबर हाय." बाई पहिल्यांदा हसल्या.

म्हणजे यंत्राने काम होणार नव्हतं. कोण "आहे" म्हणतो आणि कोण "हाय", हे ज्याचं त्यालाच विचारावं लागणार होतं. मग रोज दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, माझ्या दुकानात शाळा भरायला लागली. बाई एकेकाला फोन लावायच्या, फोन स्पीकरवर ठेवायच्या आणि त्याचाच लेख त्याला मोठ्याने म्हणायला लावायच्या. तो बोलेल तसं त्या टाइप करायच्या. अडलं की म्हणायच्या, "पुन्हा सांग." आयुष्यभर "पुन्हा लिही" म्हणणाऱ्या बाई आता "पुन्हा सांग" म्हणत होत्या, आणि मी शेजारी बसून कुणाचातरी उत्पन्नाचा दाखला काढता काढता ते ऐकत होतो. मला त्यांचा फार अभिमान वाटत होता.

सुरुवातीला माणसं बिचकायची. बाईंचा फोन म्हटल्यावर सुरतेचा तो मिलवाला एकदम बातम्या दिल्यासारखा बोलायला लागला. बाईंनी त्याला थांबवलं. "अरे, तू घरी असा बोलतोस का?" तो म्हणाला, "न्हाई." बाई म्हणाल्या, "मग न्हाई म्हण." हळूहळू दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही त्याचा नाद लागला. "लई" का "लय", यावर एक दूधवाला आणि एक कंडक्टर माझ्या काउंटरवर वाद घालत बसले आणि कंडक्टरची गाडी त्याच्याशिवाय सुटता सुटता राहिली. बाईंनी निकाल दिला, की ज्याने लेख लिहिला तो म्हणेल ते खरं. हा निकाल त्याआधी त्यांनी कधीच दिला नव्हता.

एकदा चहा पिताना त्या आपणहून म्हणाल्या, की त्यांची आईसुद्धा "हाय"च म्हणायची. बाईंना मास्तरीण व्हायचं होतं, म्हणून त्यांनी आधी स्वतःचं बोलणं बदललं, आणि मग सुट्टीत घरी गेल्यावर आईचंही. आई लेकीसमोर जपून बोलायला लागली. "मग ती माझ्याशी कमीच बोलायची," एवढं म्हणून त्यांनी पुढचा नंबर लावला.

सुमन मात्र फोन उचलत नव्हती. बाई रोज शाळा सुटताना तिला एकदा लावायच्या. तिचे लेख त्यांनी काढले नव्हते, नुसते झाकून ठेवले होते. बाकी सगळा हापसा परत ओळखीचा झाला, फक्त तेवढ्या लेखांची जागा रिकामी होती, आणि बाईंच्या लेखी ती बदली पूर्ण झालेली नव्हती. मी म्हटलं, बाई, आता सुरू करून टाकू. त्या म्हणाल्या, एक माणूस जुन्या गावी विसरून टेम्पो हलवतात का?

शेवटी फोन उचलला गेला. मागे दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती. बाईंनी काही समजूत घातली नाही, माफीबिफीही लांबवली नाही. त्या म्हणाल्या, "सुमन, माझ्याकडून चुकलं. मी लिहायला बसलेय. आई कशी म्हणायची, सांग."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला आणि गडबड कमी झाली. मग सुमन सांगायला लागली, आणि तिचा आवाजच बदलला. जाडसर, दमलेला, फडावरून आलेला. मी तिच्या आईला कधी पाहिलं नव्हतं, पण माझ्या दुकानात त्या दुपारी ती माउली बोलली, हे मी शपथेवर सांगेन. "कोप गळती हाय, पर आपली हाय. भिऊ नगं. मी हाय गं."

"पुन्हा सांग," बाई म्हणाल्या.

"मी हाय गं."

बाईंनी ते टाइप केलं आणि चष्मा काढून पदराने पुसला. रांगेतल्या एका माणसाचं काम होऊनही तो तसाच उभा होता. मीही त्याला जा म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात हापसा दणक्यात सुरू झाला. बाजाराचा दिवस होता, बाईंनी गोडीशेव मागवली आणि गल्लीत वाटली. पहिला लेख त्यांचाच, आणि त्याचं नाव "हजेरी". आत एवढीच ओळ: "बदली पूर्ण झाली आहे. कोण कोण आलं?"

आम्ही कॉम्प्युटरसमोर बसून बघत होतो. पहिलं उत्तर भोसरीहून आलं, "हाय बाई." मग सुरत. "मी हाय." मग आखातातून, "आमी दोघं भाऊ हाय." कुणी नुसतंच "हाय", कुणी "हाय हाय" लिहून वर भाकरीचा फोटो टाकलेला. उत्तरावर उत्तर येत होतं आणि बाई प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होत्या. मध्येच कुणी अनोळखी माणूस आला. एवढे सगळे त्याला इंग्रजीतला नमस्कार करतायत असं समजून त्याने बिचाऱ्याने "हॅलो" लिहिलं. बाईंनी त्यालाही हजेरीत धरलं. इतकी आनंदाची दुपार माझ्या दुकानाने आधीही पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

उन्हं कलल्यावर सुमनचं उत्तर आलं. "मी हाय बाई. आईबी हाय."

बाईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. मला वाटलं, उपस्थिती समाधानकारक, असं काहीतरी लिहितील. त्यांनी एका बोटाने, सावकाश, अक्षर अक्षर तपासत लिहिलं, "मीबी हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरोबर आहे का?" मी म्हटलं, "बरोबर हाय, बाई."

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. समोरच्या घराला कुलूप आहे. लेकीने जाताना घर झाडून, पुसून, दाराशी रांगोळी काढून किल्ली माझ्याकडे दिली. हापसा चालू आहे, आता तो सुमन सांभाळते आणि नव्याने आलेला प्रत्येक माणूस आधी त्या हजेरीच्या लेखाखाली आपलं नाव लावतो. नावं खाली खाली वाढत चाललीत, पण बाईंचं उत्तर आहे त्याच जागी आहे. सुमनने मला एकदा विचारलं, की बाई गेल्याचं तिथे कुठे लिहायचं का. मी ते पान उघडून वाचलं. "मीबी हाय." त्याचं "हुते" करायचा अधिकार आमच्यापैकी कुणालाच नाही, म्हणून आम्ही ते तसंच ठेवलंय.