दर गुरुवारी तेलाचा वास

...तर काल आपण ऊरमातच्या कोंबड्याने बोरसोक पळवला तिथपर्यंत आलो होतो. कोंबड्याचं राहू दे. ज्या बाईच्या दारातून त्याने तो पळवला, ती खरी सांगण्यासारखी. बुरमाकान तिचं नाव. आमच्या नारीनकडच्या गावात तिच्यासारखे बोरसोक कोणी तळत नाही. मैद्याचे बोटभर तुकडे कढईत पडले की टम्म फुगून वर येतात आणि लग्नातल्या पाहुण्यांसारखे एकमेकांना ढकलत बसतात.

गुरुवारी संध्याकाळी आमचे मेलेले घरी येतात. खाता त्यांना येत नाही, तळणीच्या वासावरच त्यांचं पोट भरतं. ज्या घरातून वास आला नाही, तिथले बिचारे उंबऱ्यावर बसून उपाशी परत जातात. माझी आजी हे सांगताना उंबऱ्याकडे बघायची, म्हणून लहानपणी मी उंबरा उडी मारूनच ओलांडायचो.

झालं काय, गावातली माणसं कामासाठी मॉस्कोला निघाली. आधी शेजारीण गेली. जाताना बुरमाकानच्या हातात किल्ली ठेवून म्हणाली, गुरुवारी आमच्या चुलीवर चार बोरसोक तळत जा, सासूबाई फार रागीट होत्या. मग दुसरी आली, तिसरी आली. नाही म्हणणं बुरमाकानला कधी जमलंच नाही. आता गुरुवारी दुपारपासून ती तेलाची किटली घेऊन दारोदार फिरते. कुलूप काढ, चूल पेटव, तळ, कुलूप लाव. रिकाम्या घरात आपलाच खोकला ऐकून दचकायला होतं, म्हणते. मी चिडवायचो, गावात सगळ्यात मोठा संसार तुझाच, फक्त बोलणारं कोणी नाही.

यंदा वसंतात तिची लेक तोल्कून बिश्केकमध्ये बाळंत झाली. पहिला नातू. बाळंतिणीला चाळीस दिवस एकटं सोडू नये, आणि पोरगी फोनवर रडत होती. बुरमाकानने बोचकं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. मी म्हटलं, लेकीच्या घरूनच सगळ्यांच्या नावाने तळ. तर म्हणाली, ती राहते नवव्या मजल्यावर, आणि आपल्या मेलेल्यांतले निम्मे गुडघेदुखी घेऊनच गेलेत, चढणार कोण? मुल्लांनी समजावलं, की नुसती दुआ केली तरी पोचते. तिने मान डोलावली आणि गुरुवारी किटली उचलली.

शेवटी माझा जावई गाडी घेऊन शहराकडे निघाला, तेव्हा मीच त्याला तिच्या दारात थांबवलं. तिला म्हटलं, किल्ल्या मला दे आणि बस गाडीत. चाळीस दिवस मी तळतो. जळले तर जळले, वास जास्तच येईल.

बोचकं तिच्या काखेत होतं. एक पाऊल तिने गाडीकडे टाकलंसुद्धा. मग थांबली आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत राहिली, काठी, थरथरते हात, सगळं. बोचकं तिने जावयाकडे दिलं, आत बाळाचे कपडे आहेत, तोल्कूनला दे, म्हणाली. आणि माझ्याकडे वळली.

"आबा, तुम्ही तळाल हो. पण या चाळीस दिवसांत तुम्हीच गेलात, तर तुमच्यासाठी तेल कोण तापवणार?"