पिंपरीमार्गे फ्लॉरेन्स

कारखान्यातली रद्दी दरवर्षी विकली जायची. किस्से मात्र कोणी विकत घेईना, म्हणून ते माझ्याकडेच साठत गेले. रिटायर झाल्यावर आवरायला काढले, तर निम्मे एकाच माणसाचे निघाले. आमचे ड्राफ्ट्समन, वसंतराव कारखानीस!

पिंपरीत तेव्हा कारखाने कमी आणि ज्वारी जास्त. वसंतरावांना व्हायचं होतं चित्रकार, वडिलांनी केलं ड्राफ्ट्समन. मग ते आयुष्यभर कागदावर नट-बोल्ट काढत राहिले, पण इतके देखणे की फिटर विचारायचे, "हा बनवायचा का फ्रेम करायचा?"

एक दिवस साहेबांनी त्यांना बोलावलं. "नवीन मशीन बघायला इटलीला जायचंय. तुम्ही माझ्याबरोबर. परतताना दोन दिवस मोकळे आहेत. काय बघायचं ते विचार करून ठरवा."

"ठरलंय साहेब. फ्लॉरेन्स."

विचाराला वेळ लागला नाही. चित्रकारांच्या त्या पंढरीचा विचार त्यांनी विसाव्या वर्षापासून करून ठेवला होता!

*

दोन दिवसांचा बेत, पण आखायला अख्खं ऑफिस. हेडक्लार्क आगाशे यांचा पहिला प्रश्न, "उतरणार कोणाकडे?"

"हॉटेलात."

"परमुलखात हॉटेलात? ओळखीचं कोणीच नाही?"

त्या काळी ओळखीशिवाय माणूस सासवडलासुद्धा जात नसे. बरीच शोधाशोध झाली. शेवटी अकाउंट्सच्या पेंडशांना मावसभाऊ आठवला. "आहे की! एडनला!"

"अहो, एडन कुठं, फ्लॉरेन्स कुठं?"

"बोट थांबते ना तिथं? मग! वाटेवरच आहे."

*

वसंतरावांनी ड्रॉइंग ऑफिसात फ्लॉरेन्समधल्या एका पुतळ्याचं चित्र लावलं. संगमरवरी तरुण, अंगावर सूतभर कपडा नाही. आगाशे आले, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि गरजले, "काढा ते!"

"कला आहे ती, आगाशे."

"असेल. पण हे ऑफिस आहे."

तडजोड म्हणून पुतळ्याच्या कमरेवर सुट्ट्यांचं वेळापत्रक टाचलं. त्या वर्षी सुट्ट्या जितक्या आवडीनं वाचल्या गेल्या, तितक्या कधीच नाहीत! आणि कागदाच्या मागच्या बाजूलाही काही सुट्ट्या आहेत का, हे उचलून बघणारे पहिले गृहस्थ आगाशेच.

*

रोज डबा खाऊन झाला की वसंतराव त्या शहराचा नकाशा काढत बसत. नदी, पूल, गल्ल्या, घुमट, सगळं प्रमाणात. महाळुंग्याचा आमचा हेल्पर मारुती एकदा बराच वेळ मागे उभा राहिला.

"न बघताच काढलंय व्हय, साहेब?"

"हो. पुस्तकांवरून."

"मंग आमच्या महाळुंग्याचाबी काढा की राव! चुलत्यानं बांध कुठवर सरकवलाय, त्ये तरी कळंल!"

*

घरी इंदूवहिनींनी मेतकूट, भाजणी, लाडू, लोणचं, अशी आघाडी उघडली. वसंतराव वैतागले. "अगं, दोन दिवसांत मी शहर बघू का डबे उघडू?"

वहिनी म्हणाल्या, "दगडाची माणसं बघायला निघालात. ती वाढणार आहेत का पानात?"

*

आणि मग मुंबईच्या हेडऑफिसनं कळवलं की एकच माणूस जाईल. साहेब गेले.

आम्ही ड्रॉइंग ऑफिसात जमलो. पडकंझडकं बघायला शनिवारवाडा काय वाईट, असं महिनाभर म्हणणारे आगाशेच सगळ्यांत जास्त तापले. "ही काय रीत झाली!"

वसंतराव पेन्सिलीला टोक काढत म्हणाले, "बरंच झालं. मला बोट लागते."

हे कळण्यासाठी ते बोटीत कधी बसले होते, हे आम्ही विचारलं नाही.

*

बेताप्रमाणे ज्या रविवारी ते फ्लॉरेन्सात असणार होते, त्याच्या आदल्या दिवशी आगाशे त्यांच्या टेबलापाशी गेले. "वसंतराव, नकाशाला कागद कंपनीचा वापरलात. उद्या शहर दाखवा!"

रविवारी आम्ही पवनेच्या काठी जमलो. इंदूवहिनीही आल्या. वसंतराव आधी लाजले, मग हळूहळू चालू लागले. "ही नदी तीच समजा. आता डावीकडं. गल्ली अरुंद आहे, एकामागून एक या." ज्वारी कापून नेलेल्या उघड्या रानातून आम्ही सगळे अंग चोरून, एका ओळीत निघालो. पेंडशे तर भिंतीला कोट घासू नये म्हणून तिरके चालत होते!

रानाचा मालक बांधावरून बघत होता. "काय हरवलंय का राव?"

"नाही, फ्लॉरेन्स बघतोय," पेंडशे म्हणाले.

"त्ये कुठशी आलं?"

"हे काय, तुमच्याच रानात!"

"मंग सातबाऱ्यावर कसं न्हाई?"

वसंतरावांचं लक्षच नव्हतं. ते थांबले. हात वर केला. "इथं चौक एकदम उघडतो. वर बघा, घुमट! आणि हे समोर देवळाचं दार."

आम्ही वर बघितलं. एक घार फिरत होती.

इंदूवहिनींनी चपला काढल्या.

"बाय, वहाणा नका काढू!" मालक ओरडला. "धसकटं हायेत हितं!"

"असू द्यात," म्हणून वहिनी आत गेल्या. आगाशे खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागले.

मालकानं वहिनींकडं बघितलं, मग वसंतरावांचा हात होता तिकडं वर बघितलं. आणि बांधावरून उतरायच्या आधी, आपल्याच रानात जाताना, त्यानंही वहाणा काढून बाजूला ठेवल्या.